मुन्शीजींच्या जोड्या

इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो, चहा ‘स्ट्राँग’ असतो आणि ताप ‘हाय’ असतो, हे मी शाळेत शिकले नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, मांडीवरच्या सुपातल्या शेंगा फोडता फोडता शिकले. पुढं जन्मभर पोरींना इंग्रजीच शिकवलं, त्यावरच पोट भरलं, आणि आता नातीच्या फोनमध्ये असल्या जोड्या घोकून घेणारं काहीतरी आलंय. उत्तर बरोबर आलं की ते आतून टाळ्या वाजवतं. आमच्या वेळी टाळ्या नव्हत्या. बरोबर आलं तर शिकवायला येणारे मुन्शीजी नुसती मान हलवायचे आणि चहाचा घोट घ्यायचे. तरी कुणी ‘बिग रेन’ म्हणालं की आजही मला आधी आमचे दादा आठवतात, आणि मग दाराआडून येणारा वहिनीचा दबका आवाज.

आम्ही तेव्हा शहागंजाच्या मागच्या गल्लीत राहत होतो, एका पेटीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. पेटीवाला म्हणजे पत्र्याच्या ट्रंका करणारा. सकाळी वर भाकरी थापायला आणि खाली त्याचा हातोडा पडायला एकच वेळ यायची. चौकातल्या टॉवरच्या घड्याळाचे ठोके त्या आवाजात बुडून जात, त्यामुळं माझी माय वेळ बघायची ती पेटीवाल्यावर. हातोडा थांबला की तो दुपारच्या नमाजाला गेला, म्हणजे आता वरण उतरवायचं. शुक्रवारी तो जास्त वेळ जाई आणि घरात इतकं सामसूम वाटे की माय म्हणायची, कानाला दडे बसल्यासारखं झालं. संध्याकाळी खालून पेट्यांच्या रंगाचा वास यायचा, चुलीवरून मायच्या येसराच्या आमटीचा, आणि समोरच्या भट्टीतून पावाचा. पाव आमच्या घरात चालत नसे. वास मात्र आम्ही रोज घेत होतो, त्याला कोण काय म्हणणार.

आम्ही मूळचे सोयगावकडचे, जमीनजुमला असलेले. पण दादा, म्हणजे माझे वडील, निजामी शाळेत उर्दू शिकून शहरात कोर्टात अहलकार झाले होते. आताच्या भाषेत कारकून. त्यांचं उर्दू अक्षर बघायला वकील मुद्दाम यायचे, असं ते स्वतःच सांगायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली, आणि सगळं कोर्ट पेढे वाटत असताना दादांच्या लक्षात आलं की आपल्याला आता समोरचा कागद वाचता येत नाही. नवे साहेब कुणी मुंबईकडून आले, कुणी मद्रासकडून, आणि लिखापढी इंग्रजीत नाहीतर मराठीत सुरू झाली. दादा मराठी बोलायचे, पण लिहायचा हात नव्हता. संध्याकाळी टोपी खुंटीला अडकवताना ते म्हणायचे, “आज पुन्हा अडाणी होऊन आलो.” आणि हसायचे. त्या हसण्यात काय होतं ते मला फार उशिरा कळलं, माझी स्वतःची नोकरी संपत आली अन् शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा.

मराठीपुरतं त्यांना सावरलं वहिनीनं. वहिनी खानदेशातली, म्हणजे तेव्हाच्या इंग्रजांच्या मुलखातली. तिकडं मुलींना मराठी शाळा होती. सातवी पास होऊन, वर इंग्रजीची पहिली दोन पुस्तकं वाचून ती आमच्या घरात आली होती, आणि आमच्या घरात तोवर बायकांपैकी कुणाला सही येत नव्हती. सासऱ्यासमोर ती उभी राहत नसे, बोलायचं तर लांबच. दादा कोर्टाचा कागद उंबऱ्यावर ठेवायचे आणि भिंतीकडं बघत म्हणायचे, “एवढं कुणी वाचून दाखवलं तर लई काम होईल.” वहिनी आतून वाचायची, दादा बाहेरून ऐकायचे, आणि मी मधे उंबऱ्यावर बसलेली असायची. आमच्या घराचं कोर्ट ते.

माझा थोरला भाऊ केशव, वहिनीचा नवरा, तेव्हा घरात नव्हता. रझाकारीच्या दिवसांत तो गावाकडं शेत बघत होता. आमच्या बांधापासून थोड्या अंतरावर निजामाची हद्द संपायची, आणि त्या दिवसांत गावोगावची तरणी पोरं हद्द ओलांडून पलीकडच्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात जाऊन राहत. भाऊही गेला. वहिनीला “येतो” म्हणाला. “जातो” म्हणायची आपल्याकडं रीतच नाही. पोलीस ॲक्शननंतर गावची पोरं परत आली, गुलाल उधळत आली. भाऊ आला नाही. दादांनी पलीकडची गावं पालथी घातली. कुणी सांगे भुसावळच्या स्टेशनात दिसला, कुणी सांगे साथीच्या तापात गेला, पण डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगणारा एकही भेटला नाही. मग दादांनी वहिनीला शहरात आणलं. ती रोज कुंकू लावायची, अगदी आरशात बघून, ठसठशीत.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं मायचं पक्कं मत. दादांचं नाव सोमनाथ, म्हणून माय सोमवारला सोमवारसुद्धा म्हणायची नाही, ‘महादेवाचा वार’ म्हणायची, आणि तिचं ऐकून वहिनीही तेच म्हणायची. उखाण्यात घातलेलं नाव मात्र चालतं, ते देव मोजत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका जमल्या की प्रत्येकीला नाव घ्यायला लावत, चेष्टा करत, अडवून ठेवत. आणि वहिनीपाशी आल्या की तिच्या हातावर तिळगूळ ठेवून मुकाट्यानं पुढं सरकत. मनात वाईट नसायचं कुणाच्या. पण वहिनी उखाणा जुळवून बसलेली असायची, हे मला ठाऊक होतं. भांडी घासताना ती पुटपुटताना मी ऐकलं होतं. मला तेव्हा त्या बायकांचा फार राग यायचा आणि अजून येतो, त्यातली एकही आता हयात नसली तरी.

इंग्रजीसाठी दादांनी मुन्शीजींना आणलं. मुन्शीजी छावणीत राहायचे. गोऱ्या अफसरांना हिंदुस्तानी बोलायला शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि आता अफसर बोटीत बसून निघून गेले होते. म्हणजे उर्दूवाले दादा आणि गोऱ्यांचे मुन्शीजी, दोघांच्याही हातातलं हत्यार एकदमच बोथट झालेलं. संध्याकाळी ते छावणीतून चालत यायचे, जिन्याखालून खाकरायचे, वर येऊन जाजमावर बसायचे. पांढरी दाढी, काळी शेरवानी, तिला कोपरावर रफू. त्यांच्यासाठी मायनं वेगळी कप-बशी ठेवली होती, निळ्या फुलांची, कान उडालेली. ती आमच्या भांड्यांत नसायची, खिडकीतल्या फळीवर असायची. मुन्शीजींना ते माहीत होतं. चहा झाला की ते तांब्यातलं पाणी घेऊन स्वतःच कप विसळायचे आणि फळीवर पालथा घालायचे. माय त्यांना पुष्कळ साखर घालून चहा द्यायची, पण कप तोच. घरातला मुलगा ज्या गोंधळात गेला त्या गोंधळाचं काहीतरी तिला कुणाच्या तरी माथी मारायचं होतं, आणि समोर हे एकच दाढीवाले होते. दादा हे बघत आणि काही बोलत नसत.

मुन्शीजींची शिकवायची एक रीत होती. ते एकटा शब्द कधी देत नसत. गोऱ्यांनाही त्यांनी असंच शिकवलं होतं म्हणे: दाना-पानी, खत-किताबत, आज-कल. “लफ्ज अकेला नहीं रहता, पाटीलसाब,” ते म्हणायचे. “उसका जोडीदार ढूंढो. बारिश आई तो पूछो, किसके साथ आई.” बारिश ‘हेवी’बरोबर यायची. चाय ‘स्ट्राँग’बरोबर. बुखार ‘हाय’बरोबर. दादांना हे काही केल्या पटायचं नाही. मोठा म्हणजे बिग, एकदा ठरलं की मग पाऊस बिग, ताप बिग, साहेब बिग. कायद्याच्या माणसाला एकाच गोष्टीला दहा नावं खपायची नाहीत. एकदा अंथरूण घालणं म्हणजे ‘मेक द बेड’ असं आलं तेव्हा दादा चिडलेच. “करायला आपण काय सुतार हाव का?” म्हणाले. मुन्शीजी शांतपणे म्हणाले, “मिस्टेक भी मेक होती, बेड भी मेक होता. होमवर्क डू होता. तुमच्या मराठीत लग्न लागतं, भूक लागती, ठेच भी लागती. मैं कभी पूछा, कायकू?” आत वहिनी तोंडात पदर कोंबून हसत होती.

तर असे दादा अडले की आतून उत्तर यायचं. आधी मला वाटायचं मलाच ऐकू येतं. मुन्शीजी विचारायचे, “बुखार, पाटीलसाब?” दादा “बिग” म्हणायला तोंड उघडायचे आणि दाराआडून, भाकरीच्या थपथपीत, अगदी हळू, “हाय फीव्हर.” दादा खाकरून तेच म्हणायचे. असं बरेच दिवस चाललं. एका संध्याकाळी मुन्शीजींनी कप खाली ठेवला आणि जाजमाकडं बघत म्हणाले, “पाटीलसाब, इम्तिहान आप देरे, पास अंदर से कोई होरा.” माझा शेंगा फोडणारा हात थांबला. दादांनी पुढ्यातली वही मिटली. मग भिंतीकडं बघत, कागद वाचायला सांगायचे त्याच सुरात म्हणाले, “मग आतल्यालाबी शिकवा की.”

त्या दिवसापासून दार अर्धं उघडं राहायला लागलं. मुन्शीजी तिला ‘दुल्हन बेटा’ म्हणायचे आणि तिच्याकडं कधी बघायचे नाहीत. मान माझ्याकडं, प्रश्न तिला. कप अँड सॉसर. पेन अँड इंक. सॉल्ट अँड पेपर. सूनर ऑर लेटर, म्हणजे आज ना उद्या. प्रत्येक जोडीचं एक वाक्य करायचं, आणि वाक्य आपल्या घरातलं पाहिजे, पुस्तकातलं नको. ब्रेड अँड बटर आलं तेव्हा माय चुलीपासून म्हणाली, “मीठ कुठंय त्याच्यात? अळणी खातेत व्हय?” एकदा ‘सेफ अँड साउंड’ आलं. मुन्शीजींनी अर्थ सांगितला, “सही-सलामत,” आणि सवयीनं म्हणाले, “जुमला बनाओ, दुल्हन बेटा.” आत भाकरी थापायचा आवाज थांबला. खालचा हातोडा तेवढा चालू होता. मुन्शीजींच्या लक्षात आलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “वो रहने दो. ये देखो, आय थिंक. साहब लोगां पक्की बात को भी आय थिंक लगा के बोलते. मेरेको पहले लगता था, इनको यकीन नहीं. बाद में समझा. शक नहीं है वो, अदब है.”

अशातच खानदेशातून वहिनीचे थोरले भाऊ आले. मी त्यांना मामा म्हणायची. केळ्यांची टोपली घेऊन आले होते, साधे, डोळ्यांत पाणी असलेले गृहस्थ. जेवणं झाल्यावर त्यांनी दादांना सांगितलं की घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलंय, आता पुरे झालं. बहिणीला न्यायला आलोय. तिकडं नेऊन काय करायचं ते विधीप्रमाणं करू, निदान डोक्यावरची टांगती तलवार तरी जाईल, तिचीही अन् आमचीही. विधीप्रमाणं म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना कळलं. कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, आणि भाऊ गेला असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकायचं. माय केळ्यांच्या टोपलीकडं बघत बसली. मी आत गेले तर वहिनी भिंतीला टेकून उभी होती. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “ताई, मी तिकडं गेले अन् इकडं ते आले, तर त्यांना काय सांगतील? आम्ही ठरवलं, तुम्ही नाही म्हणून?”

वाट निघाली ती मुन्शीजींकडून. शहरातल्या बायकांच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला मुली घेत होते, थोडं इंग्रजी येणाऱ्या, आणि तशा मुली शहरात मिळत नव्हत्या. मायनं कपाळाला हात लावला. पाटलाची सून परक्यांची मळमूतं काढणार. मग तिनं बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, “काढू दे. कुंकू ऱ्हाईल.” दादांनी मामांना शब्द दिला: घेतलं तर इथंच राहील आणि तिच्या मर्जीनं राहील, नाही घेतलं तर तुम्ही घेऊन जा, मी आडवा येणार नाही. मामा मुलाखतीपर्यंत थांबले. केळी पिकून काळी पडायला लागली होती, आम्ही तिन्ही त्रिकाळ केळ्याची शिकरण खात होतो. मुन्शीजी त्या दिवसांत दुपारचेही यायचे. बॅड कफ, लूज मोशन, डीप कट, ड्रेस अ वुंड. जखमेला कपडे घालतात म्हणून माय हसली, पण वहिनीचं हसण्याकडं लक्षच नव्हतं.

मुलाखतीला दादा टांगा करून आले आणि दवाखान्याच्या फाटकापाशी थांबले. बायकांच्या दवाखान्यात ते आत कसे येणार. मी वहिनीबरोबर आत गेले. फिनेलचा वास, लांबच लांब व्हरांडा, दारात स्टुलावर बसलेली म्हातारी आया. मेट्रनबाई मद्रासकडच्या होत्या, उंच, पांढरी साडी, कमरेला किल्ल्या. मराठी येत नव्हतं. वहिनीनं इंग्रजीचे सगळे प्रश्न नीट सोडवले. पेशंटला ताप आहे, खोकला आहे, डॉक्टरला काय सांगशील? “हाय फीव्हर, मॅडम. बॅड कफ.” काय काय येतं? “आय कॅन मेक द बेड. आय कॅन मेक स्ट्राँग टी.” मेट्रनबाईंच्या ओठाची एक बाजू जराशी वर गेली. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि म्हणाल्या, “युवर हजबंड्स नेम?”

या एका प्रश्नाची तयारी कुणी करून घेतली नव्हती. मुन्शीजींना सुचलं नाही, दादांना सुचलं नाही, आणि आम्हा बायकांना तर तो प्रश्न वाटलाच नव्हता. वहिनीची मान खाली गेली. मी तोंड उघडलं; मला काय, माझा भाऊच होता तो. पण मेट्रनबाईंनी बोट वर केलं. “लेट हर आन्सर.” तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं: कुठंतरी जीव मुठीत धरून असलेल्या माणसाचं आयुष्य आपण आपल्या तोंडानं कसं कमी करायचं. मेट्रनबाईंनी पुन्हा विचारलं. मग टाक खाली ठेवला. मोडक्या हिंदुस्तानीत म्हणाल्या की घरातून पळून आलेल्या बायका इथं येतात, नवऱ्याचं नाव लपवतात, मागून माणसं येऊन गोंधळ घालतात. अशी बाई आम्ही घेत नाही. आणि त्या उठायला लागल्या. मला रडू फुटलं. मला मामांची केळ्यांची टोपली दिसत होती, परत जाताना रिकामी, आणि टोपलीशेजारी बसलेली वहिनी.

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. हळदीकुंकवाला बायका नाव घ्यायच्या आधी करतात तसा, दोन्ही हातांनी. टेबलावर मेट्रनबाईंचा चहा होता, शेजारी दौत आणि टाक. तिनं त्यांच्याकडं एकदा बघितलं आणि खालच्या मानेनं, पण खणखणीत आवाजात, आमच्याकडच्या उखाण्याच्या चालीवर म्हणाली:

“कप अँड सॉसर, पेन अँड इंक,
केशवराव विल कम होम, आय थिंक.”

मेट्रनबाई अर्धवट उठलेल्या तशाच राहिल्या. दारातली आया आधी हसली आणि मग तिनं पदर डोळ्यांना लावला. “मेमसाब,” ती म्हणाली, “हमारे में औरत मरद का नाम ऐसाच लेती. सीधा नहीं लेती. उसकी उमर कम होती बोलके.” मेट्रनबाई हळूच खाली बसल्या. वहिनीच्या कुंकवाकडं त्या बघत राहिल्या. मग विचारलं, “कम होम? व्हेन?” आवाज आता वेगळा होता. वहिनी म्हणाली, “सूनर ऑर लेटर, मॅडम.” मेट्रनबाईंनी पुन्हा टाक उचलला आणि नाव लिहून घेतलं. मी उलट्या बाजूनं वाचलं: केशवराव. इतकी वर्षं घरात कुणी उच्चारलं नव्हतं ते नाव तिथं ओल्या शाईत होतं, आणि मला एकदम वाटलं, भाऊ आहे.

फाटकाबाहेर दादा घोड्याशेजारी उभे होते. मी धावत जाऊन सगळं सांगितलं आणि उखाणाही म्हणून दाखवला. दादा म्हणाले, “पुन्हा म्हण.” मी म्हटला. “पुन्हा.” तिसऱ्यांदा मी म्हणत असताना त्यांनी तोंड घोड्याच्या मानेकडं फिरवलं आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले. टांगेवाला बिचारा लगाम धरून आभाळाकडं बघत होता. वहिनी टांग्यात मागच्या बाजूला पदर ओढून बसली होती. परत येताना टॉवरपाशी आल्यावर दादा पुढं बघतच म्हणाले, “आतल्याला म्हणावं, वाक्य चांगलं केलं.” घरी मायनं विचारलं, कधीपासून जायचं? वहिनी म्हणाली, “महादेवाच्या वारापासून.”

संध्याकाळी मुन्शीजी आले. त्यांनी उखाणा ऐकला, डोळे मिटून ऐकला. म्हणाले, “वजन में, मात्रा में, जरा कच्चा है. बाकी दुरुस्त.” मग शेरवानीच्या खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत बसले. मायनं मला विचारलं, “कप अँड सॉसर म्हंजी आपली कप-बशीच ना?” मी हो म्हटलं. तिनं खिडकीतल्या फळीकडं बघितलं. चहा झाला, मुन्शीजी तांब्याकडं हात करणार तेवढ्यात ती पुढं झाली. “ऱ्हाऊ द्या, भाईजी,” म्हणाली, आणि कप-बशी उचलून आत नेली, आमच्या भांड्यांत घासली, आमच्या भांड्यांत लावली. निळ्या फुलांचा तो कप पुढं आमच्याकडं कुणीही वापरायचं. कान नसल्यामुळं चटका बसायचा एवढंच. मामा दुसऱ्या दिवशी रिकामी टोपली घेऊन गेले, आणि जाताना बहिणीला म्हणाले, “येतो.”

त्या संक्रांतीला मायनं गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. वहिनीपाशी येऊन बायका सवयीनं पुढं सरकायला लागल्या तशी माय दारात उभी राहिली. “आमच्या सुनंला इंग्रजी नाव घेता येतंय,” म्हणाली, “ऐकल्याबिगर कुणी जायचं नाय.” वहिनीनं घेतलं. निम्म्या बायकांना काही कळलं नाही, पण केशवराव कळलं. पुढं दरवर्षी तोच उखाणा व्हायचा. वहिनी त्या दवाखान्यात राहिली, सिस्टर झाली, हेड सिस्टर झाली. शहरातली किती पोरं तिच्या हातावर जन्मली त्याला गणती नाही. दादांनी कोर्टातली इंग्रजीची परीक्षा दिली आणि ‘बिग’ न घालता पास झाले. मुन्शीजी गेले, माय-दादा गेले, पेटीवाल्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. भाऊ आला नाही. वहिनीनं मला शिकवलं, माझं लग्न केलं, आणि वर्षानुवर्षं ती रोज सकाळी आरशात बघून कुंकू लावत राहिली. तिला कुणी शहाणपण शिकवायला आलं तर ती त्याला खायला घालून वाटेला लावायची.

गेल्या हिवाळ्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. हाय फीव्हर, बॅड कफ. तिनं स्वतःच सांगितलं. नर्स अगदी कोवळी पोरगी होती, हातात फोनसारखी पाटी, तिच्यावर बोटानं माहिती भरत होती. “आजी, पतीचं नाव?” मी सांगायला तोंड उघडलं, तर वहिनीनं पांघरुणाखालून माझा हात दाबला. उशीवरचा पदर डोक्यावर घेतला, दोन्ही हातांनी, सुई टोचलेल्या हातानंसुद्धा. आणि दम लागत होता तरी तोच उखाणा चालीवर म्हणाली. पोरगी खुदकन हसली. “किती गोड. मग आले का आजोबा?”

“नाय आले अजून,” वहिनी म्हणाली.

पोरीचं बोट पाटीवर अडलं. तिला पुढचा रकाना भरायचा होता. तिनं माझ्याकडं बघितलं, मी खिडकीकडं बघितलं. “मग, आजी,” ती चाचरत म्हणाली, “हयात आहेत असं लिहू, की... तुम्हीच म्हणालात ना, आय थिंक.”

“ते थिंक अदबीचं असतंय, पोरी,” वहिनी म्हणाली. “तू हयात लिही.”